राजारामपुरीतलं व्हीआर साईट ट्रेनिंग: स्टील बघायला जा, क्रेन बघायला नको

कोल्हापुरात राजारामपुरीत व्हीआरनं (डोळ्यावर डबा लावला की कॉम्प्युटरनं केलेली खोटी साईट दिसते) बांधकाम शिकवणारं सेंटर आहे, त्याला पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातले तीन एकट्या स्टील चेकिंगच्या मॉड्यूलचे, म्हणजे धड्याचे, आणि उरलेला अर्धा तिथल्या ऑपरेटर पोराचा, कारण डोळ्यावर डबा बांधून भिंतीला धडकणारी माणसं हा गडी दिवसभर सांभाळतो आणि वैतागत नाही, हे सोपं काम नाय भावांनो. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाही, खाली चुकापण लिहिल्यात आणि पोरं धंद्यात नवीन आहेत, उगाच त्यांच्या पोटावर यायला नको. राजारामपुरीत सिव्हिलवाल्या कुणालाही विचारा, गल्लीपर्यंत सोडून येईल.

मी छोट्या बिल्डरांची आरसीसीची (सळई घातलेल्या काँक्रीटची) कामं बघतो, फुलेवाडी कळंबा पाचगाव ह्या पट्ट्यात, बहुतेक सगळी पार्किंग प्लस तीन मजल्यांची. दरवर्षी डिप्लोमा-डिग्रीची पोरं ट्रेनी म्हणून येतात, हुशार असतात, आयएस ४५६ ची (काँक्रीटच्या कोडची) कलमं पाठ असतात, बीएम एसएफ डायग्राम (बीमवरच्या वाकवणाऱ्या-कातरणाऱ्या जोराचे आलेख) झोपेत काढतील, पण कॉलमची रिंग (उभ्या सळ्यांना बाहेरनं वेढणारी वाकवलेली सळई) प्रत्यक्षात कशी बांधतात ते बघितलेलं नसतं. यात त्यांचा दोष नाही. कॉलेजची साईट व्हिजिट म्हणजे बसभर पोरं, कॉन्ट्रॅक्टरचा जीव टांगणीला की कोण कुठल्या डक्टमधे पडतंय, अर्धा तास फिरवायचं, ग्रुप फोटो काढायचा आणि वाटेत मिसळ खाऊन परत. त्यात त्या दिवशी स्लॅब असेलच असं नाही, बहुतेक वेळा स्लॅब ओतून झालेला असतो आणि वर नुसतं पाणी साठवलेलं दिसतं. आरसीसीची मेख हीच आहे, जे बघण्यासारखं असतं ते सगळं काँक्रीट पडलं की कायमचं आत जातं. कव्हर (सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर) किती ठेवलंय, लॅप (दोन सळ्यांचा एकमेकींवर चढवलेला जोड) कुठं दिलाय, हूक (रिंगेचं वाकवलेलं टोक) वळवलाय का नुसताच टेकवलाय, हे बघायला मधे एखादाच दिवस मिळतो आणि त्या दिवशी साईटवर शिकवत बसायला कुणाला वेळ नसतो, मिक्सर सुरू झालेला असतो.

तर हे व्हीआरवालं प्रकरण कळल्यावर माझे ट्रेनी पाठवले आणि मीपण गेलो, कारण पैसे माझे होते.

पहिलं ते स्टीलचं. हेडसेट लावला की तुम्ही पार्किंगच्या लेव्हलला उभे, समोर कॉलमचा पिंजरा, वर बीम, शिडीनं वर गेलं की स्लॅबची जाळी, काँक्रीट अजून पडायचंय. हातात टेप. चुका पेरून ठेवल्यात आणि त्या शोधायच्या, सापडली की कंट्रोलरचं (हातात धरायच्या रिमोटचं) बटण दाबून लाल खूण करायची. हे लई भारी केलंय, मनापासून सांगतो. कारण चुका पुस्तकातल्या नाहीयेत, आपल्याच साईटवरच्या आहेत. कॉलमच्या सगळ्या सळ्यांचा लॅप एकाच लेव्हलला, स्लॅबच्या लगेच वर, जसा आपल्याकडे सर्रास देतात, खरं तर तो उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात आणि एका ठिकाणी निम्म्यापेक्षा जास्त सळ्यांचा नको. बीम-कॉलम जॉईंटच्या वर-खाली रिंगा विरळ, तिथं तर आयएस १३९२० (भूकंपासाठीच्या सळई कामाचा कोड) प्रमाणं १०० मिमीपेक्षा जास्त अंतर चालतच नाही. एका बाजूला कव्हर ब्लॉक नाही, सळई थेट शटरिंगला (काँक्रीटच्या साच्याला) चिकटलेली, कॉलमला ४० मिमी आणि फूटिंगला ५० मिमी पाहिजे हे पोरांना पाठ असतं पण ४० मिमी म्हणजे डोळ्याला किती दिसतं ते पहिल्यांदा इथं कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिंगेचा हूक, ९० अंशात वळवलेला, १३५ मधे आत नाही घेतलेला.

आता खरी मजा पुढं आहे. तुम्ही चुका सोडल्या आणि ओके दिलं तर ते काँक्रीट ओतून दाखवतं. कॉलमच्या माथ्यावरनं थेट तीन मीटर खाली घमेलं रिकामं करतात, कोडमधे दीड मीटरच्या वर पडू देऊ नका म्हणून लिहिलंय, तर खडी खाली आणि सिमेंटचं पाणी वर असं वेगळं होताना आत शिरून बघता येतं, शटर पारदर्शक होतं. मग शटरिंग खोललं की खाली हनीकोम्बिंग, बोटं आत जातील एवढी भोकं. आणि मग भूकंप. हललेली बिल्डिंग नाही दाखवत, एकच कॉलम दाखवतात, जवळून, हळू वेगात. कव्हरचं काँक्रीट आधी निखळतं, मग ९० चे हूक उघडतात, मग रिंग सुटली की उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. दुसऱ्या बाजूला तोच कॉलम १३५ च्या हूकवाला, तो पण तडकतो पण आतला गाभा धरून राहतो. वीस वर्षं मी साईटवर लोकांना हूक आत वळवा म्हणून ओरडतोय, का ते असं डोळ्यादेखत कधी दाखवता आलं नव्हतं. माझी एक ट्रेनी मुलगी बाहेर आल्यावर थोडा वेळ गप्पच बसली, नंतर म्हणाली सर आपल्या पाचगावच्या साईटवर उद्या परत बघूया का. वसूल.

हे काय लांबचं नाहीये. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, आपल्या घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात. २०१६ च्या भूकंपाच्या कोडप्रमाणं कोल्हापूर झोन ३ मधे, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, येतं. आणि २००१ च्या भुजच्या वेळी केंद्रापासून एवढं लांब असलेल्या अहमदाबादमधे खाली पार्किंग आणि वर फ्लॅट अशा बिल्डिंगा बसल्या होत्या, म्हणजे आपण आज जे बांधतोय तेच.

माझ्याबरोबर आमचे फिटर मामा पण होते, कागलचे, सळई वाकवण्यात आयुष्य गेलेलं. त्यांना नाही नाही म्हणत हेडसेट घातला. पहिलं वाक्य, "साहेब, माझं हात कुठं गेलं?" (फक्त कंट्रोलर दिसतात, हात दिसत नाहीत.) मग दोन मिनिटांत गडी रुळला आणि पोरांनी जेवढ्या चुका शोधल्या होत्या त्या टेप न लावता नुसत्या नजरेनं सांगितल्या. आणि मग स्लॅबच्या जाळीवर गेल्यावर थांबले आणि विचारलं, "ही वरची सळई बसलीया कशावर?" ऑपरेटर आला, मी आलो, स्क्रीनवर सगळ्यांनी बघितलं, तर खरंच की, वरचं स्टील हवेत. चेअर (वरच्या सळ्या उचलून धरणारा सळईचा टेकू) एकसुद्धा नाही. बायंडिंग वायर पण कुठंच नाही, सळ्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या. मॉडेल रेविटमधे (बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) केलंय आणि तिथं सळई जिथं ठेवली तिथं राहते, तिला खाली पडायचं माहीतच नाही. आता आमच्याकडं अर्ध्या स्लॅबांची बोंब हीच असते की चेअर कमी घातल्या, काँक्रीट ओतताना माणसं जाळीवर नाचली, वरचं स्टील खाली दबलं आणि बाल्कनीला तडा गेला. शिकवायच्या मॉडेलमधे नेमकं तेच नाही! ऑपरेटरनं वहीत लिहून घेतलं, पुढच्या अपडेटमधे टाकतो म्हणाला. माझं म्हणणं एवढंच की असलं मॉडेल करताना एक फिटर शेजारी बसवा, त्याची हजेरी सॉफ्टवेअरच्या लायसनपेक्षा स्वस्त पडेल.

दुसरं मॉड्यूल सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा आणि टेकू) खोलायचं. हेही चांगलंय पण छोटं आहे. स्लॅबखाली जॅक लावलेत, दिवस पुढं सरकवायचे आणि कधी काय काढायचं ते ठरवायचं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याच्या वर १४, बीम सहा मीटरपर्यंत १४ आणि त्याच्या वर २१. घाई केली की स्लॅब मधे पोट काढतो. फक्त हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत, कोडमधेच तसं लिहिलंय आणि दुसरं सिमेंट असेल तर बदला असंही लिहिलंय, आणि आज कोल्हापुरात छोट्या साईटवर पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) सोडून दुसरं काय येतं? पीपीसी सुरवातीला सावकाश ताकद धरतं. मॉड्यूलमधे सिमेंट बदलायची सोयच नाहीये. पोरं सातचा आकडा पाठ करून माझ्या साईटवर येणार आणि सेंट्रिंगवाला तर आधीच जॅक पुढच्या साईटला न्यायला टपलेला असतो, त्याला आयतं कोलीत.

खोदाईचं मॉड्यूल बघून मात्र मी स्वतः हादरलो. ड्रेनेज लाईनच्या चरात तुम्ही उभे, दोन्ही बाजूला माती डोक्याच्या वर, काठावरच माल टाकलेला, आणि वर जेसीबी सरकतो. मातीचे बारीक खडे आधी गळायला लागतात. ती खूण ओळखून बाहेर पडलात तर वाचलात, नाहीतर अंधार. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार पाहिजे हे आपल्याकडं टेंडरमधे लिहिलेलं असतं आणि साईटवर नसतं. नदीकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर काम करणाऱ्या प्रत्येक सुपरवायझरला हे एकदा दाखवा, कॉलेजची पोरं राहू देत बाजूला. ही गोष्ट खऱ्या साईटवर शिकवताच येत नाही, शिकवणारा आणि शिकणारा दोघंही आत जातील.

आता क्रेन आणि उंचीवरची सेफ्टी. इथं माझे दीड स्टार गेले. हे मॉड्यूल बाहेरून आयतं घेतलेलं आहे हे पहिल्या मिनिटाला कळतं. चकाचक स्टील फ्रेमची बिल्डिंग, टॉवर क्रेन, सगळे हेल्मेट जॅकेट घालून, सहा फुटांच्या वर फॉल प्रोटेक्शन वगैरे, तो अमेरिकेचा ओशावाला (तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याचा) नियम आहे. आपला बांधकाम मजुरांचा बीओसीडब्ल्यू कायदा १९९६ चा होता (नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या कामगार संहितेत गेला), त्याचे नियम होते, त्याचं नाव सुद्धा नाही. आपल्या साईटवर पोरं कशावरनं पडतात? परांचीवरनं पडतात, फळी बांधलेली नसते म्हणून. लिफ्टच्या डक्टमधे पडतात, तोंडाला नुसती चौकट आडवी टाकलेली असते. माल वर न्यायच्या लिफ्टपाशी वाकून खाली बघताना लागतं. ह्यातलं काय नाही. टॉवर क्रेनच्या केबिनमधे बसून लोखंडी बीम उचलायला पोरांना मजा येते, गेम खेळल्यागत, आणि शिकतात शून्य. त्यातला आवाज पण इंग्लिश आणि तो सुद्धा तिकडचा, राधानगरी गडहिंग्लजकडची पोरं तोंडं बघत बसली, शेवटी ऑपरेटरनं आवाज बंद करून स्वतः मराठीत सांगितलं, आणि ते जास्त चांगलं होतं.

घरी येऊन थोडं शोधलं तर हे माझ्या एकट्याचं मत नाही असं दिसलं. इस्रायलमधल्या टेक्निऑनच्या राफाएल सॅक्स आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा पेपर आहे, बांधकाम सेफ्टी व्हीआरनं शिकवणं विरुद्ध वर्गात स्लाईड दाखवून शिकवणं. दगडी क्लॅडिंग (भिंतीला बाहेरनं दगडी फरशी लावणं) आणि जागेवर ओतायचं काँक्रीट ह्या दोन कामांत व्हीआरवाले स्पष्ट पुढं निघाले, पण साईटच्या जनरल सेफ्टीत काही खास फरक पडला नाही. इथलं स्टीलचं मॉड्यूल आणि क्रेनचं मॉड्यूल शेजारी ठेवून बघितलं तर मला तरी तसंच वाटलं, ठरावीक काम असलं की पोरगं शिकतं, "सावध रहा" टाईप असलं की नुसतं फिरून येतं. दुसरा एक २०१९ चा आहे, डेन्मार्कच्या माक्रान्स्की मंडळींचा, तो सायन्स लॅबवर आहे, सिव्हिलवर नाही, पण त्यात हेडसेट घातलेल्यांना आपण तिथंच आहोत असं जास्त वाटलं आणि शिकले मात्र साध्या स्क्रीनवाल्यांपेक्षा कमी. माझ्या पोरांचं पहिलं सेशन बरोब्बर असंच गेलं, खाली वाकून बघ, टेरेसवरनं उडी मार, एकानं तर कॉलममधनं आरपार चालून दाखवलं. म्हणून पुढच्या वेळी मी साईटवरचीच चेकलिस्ट आधी हातात दिली, रिंगांचं अंतर, कव्हर, लॅप, हूक, आणि म्हटलं बाहेर आल्यावर हे भरून द्यायचं. मग नीट झालं. सेंटरनं हे स्वतःहून करायला पाहिजे खरं तर, एक कागद लागतो.

स्लम्प टेस्टचं (ओलं काँक्रीट किती पातळ-घट्ट ते बघायच्या चाचणीचं) मॉड्यूल आहे त्याबद्दल काय बोलू. ३०० मिमीचा कोन, सारख्या जाडीचे तीन थर, प्रत्येक थराला रॉडचे २५ टोले, सगळं बटणावर. टोला मारला की हातात थोडं थरथरतं. काँक्रीटमधे पाणी जास्त झालंय हे फावड्याला कळतं, मनगटाला कळतं, मिक्सरच्या आवाजावरनं सुद्धा कळतं, इथं कोन उचलला की आकडा येतो. त्यापेक्षा कॉलेजच्या लॅबमधे एक पोतं सिमेंट खर्च करा.

हेडसेटचं सांगतो. बहुतेक मेटा कंपनीचे क्वेस्ट २ आहेत, एकच क्वेस्ट ३ आहे आणि ती मिळाली तर बघा. फरक पडतो, क्वेस्ट २ मधे दोन डोळ्यांतलं अंतर फक्त तीन ठिकाणी सेट होतं, ५८, ६३ आणि ६८ मिमी, मधेच कुठं तुमचे डोळे असले तर टेपवरचे आकडे पुसट दिसतात आणि टेपवरच तर सगळं चाललंय. क्वेस्ट ३ ला चाक आहे, फिरवून जुळवता येतं. वजन दोन्हींचं अर्धा किलोच्या आसपास, अर्ध्या तासानं नाकावर वळ उठतो. चष्मेवाल्यांनी ऑपरेटरला आधी सांगा, चष्म्यासाठी मधे घालायची रिंग असते ती लावून देतो, नाहीतर लेन्सला चरे. घाम पुसायला वाईप्स ठेवल्यात, डोक्याला कागदी टोपी देतात, एसी एक आहे आणि मे महिन्यात तो पुरत नाही.

गरगरणं हा मोठा विषय आहे. चालायचे दोन प्रकार आहेत, एक म्हणजे जिथं जायचं तिथं बोट दाखवून उडी, दुसरं म्हणजे कंट्रोलरवरची काडी ढकलून सरकत जायचं. सरकत गेलात की डोळे म्हणतात चाललोय आणि कानातला तोल म्हणतो उभा आहेस, तिथं मळमळ सुरू. परांचीची शिडी चढताना माझ्या एका ट्रेनीला बाहेर काढून लिंबू सरबत पाजावं लागलं. उडीवालं सेटिंग ठेवा, दिसायला येडपट वाटतं पण पोट जागेवर राहतं. आणि पोटभर जेवून जाऊ नका, तांबडा पांढरा संध्याकाळी.

पैसे. ग्रुपनं गेलात तर बरं पडतं, एकट्याला महाग आहे, भाव करा, करतात. त्या पैशात सर्टिफिकेट पण येतं, सोनेरी बॉर्डरचं, त्यावर लिहिलंय "कन्स्ट्रक्शन साईट अनुभव पूर्ण". हे मला बिलकुल पटलं नाही. अनुभव पूर्ण म्हणजे काय? उन्हात तासभर उभं राहिला का, सेंट्रिंगवाल्याशी भांडला का, खडीचा ट्रक रात्री अकराला आला तेव्हा मोजून घेतला का? माझ्याकडं इंटरव्ह्यूला कुणी हे सर्टिफिकेट दाखवलं तर मी एवढंच विचारणार की चुका किती सापडल्या आणि कुठली राहिली. सेंटरवाल्यांना बोललोय मी हे, त्यांनी मान डोलावली, बघू.

कॉलेजवाल्यांसाठी वेगळं सांगतो कारण दोन-तीन सर लोकांनी मला विचारलं. साईट व्हिजिट रद्द करून हे घेऊ नका. साईट व्हिजिटच्या आधी घ्या, आदल्या आठवड्यात, नुसतं स्टील आणि खोदाई. मग तीच पोरं खऱ्या साईटवर गेल्यावर मोबाईल काढून सेल्फी घेण्याऐवजी रिंगा मोजत बसतात, माझ्याकडं हे झालंय. एका वेळी मोठा वर्ग नेऊ नका, हेडसेट मोजके आहेत, बाकीची पोरं टीव्हीवर दुसऱ्याचं बघत जांभया देतात. टीव्हीवर जे दिसतं ते एका डोळ्याचं आणि हलतं, त्यानं पण काहींचं डोकं दुखतं.

बुकिंग फोनवर करा. सकाळचा पहिला स्लॉट मागा, तेव्हा हेडसेट फुल चार्ज असतात, दुपारनंतर मधेच बॅटरी संपून भूकंप अर्धवट राहतो. गाडी लांब लावा, गल्लीत जागा नाही. आणि क्रेनचं मॉड्यूल पॅकेजमधनं काढून तेवढा वेळ स्टीलला द्या म्हणून आधीच सांगून ठेवा, देतात, फक्त मागावं लागतं.